शिरोडकरचा चेहरा

जानेवारी 2012. ‘शाळा’ लागून दोनच दिवस झाले होते आणि रविवारच्या संध्याकाळच्या खेळाला मल्टिप्लेक्सचं ते सभागृह जवळजवळ भरलं होतं. गंमत अशी, की नववीतल्या पोरांची ही गोष्ट बघायला नववीतलं पोर शोधूनही सापडलं नसतं. सगळी चाळिशी-पन्नाशीची माणसं. अंधार व्हायच्या आत खुर्चीचा नंबर वाचता यावा म्हणून चष्मे वर-खाली करणारी.

त्यांच्यातलाच एक गृहस्थ बायकोच्या शेजारी बसला होता. वय पन्नास, विमा कंपनीत नोकरी. 1975-76 साली तो खरोखरच नववीत होता, कल्याणच्या पलीकडे, लोकल रिकामी होत जाते अशा एका गावात. मिलिंद बोकीलांची ही कादंबरी मौजेने 2004 साली काढली तेव्हा ती त्याने दोन रात्रींत वाचली आणि पुढच्या महिन्यात पुन्हा वाचली. पहिली प्रत कुणीतरी वाचायला नेली, ती नेलीच. दुसरी त्याने विकत घेतली आणि पहिल्या पानावर नाव, तारीख आणि खाली ‘देणे नाही’ असं लिहून ठेवलं. पुस्तकावर असा हक्क सांगणारी माणसं सिनेमा बघायला गेली की काय होतं, हे त्यांच्या शेजारी बसलेल्यांना विचारावं.

दिवे मालवले तेव्हा त्याच्या पोटात गोळा आला. स्नेहसंमेलनात आपल्या पोराचं भाषण असलं की पहिल्या रांगेतल्या बापाची जी अवस्था होते, तीच. पोरगं विसरेल का, अडखळेल का, आणि मुख्य म्हणजे लोक हसतील का.

पहिल्या वीस मिनिटांत त्याने बायकोच्या कानाशी चारदा तोंड नेलं. हा सुऱ्या. हा फावड्या. हा चित्रे. चौथ्या वेळी ती म्हणाली, “अहो, ते सांगतायत की पडद्यावर.” मागच्या रांगेतला एक आवाज तर आणखी पुढे होता. “पुस्तकात असं नाहीये,” असं तो दर पाच मिनिटांनी कुणाला तरी बजावत होता. प्रत्येक रूपांतरित सिनेमाला असा एक माणूस मिळतोच. तिकिटाचे पैसे देऊन तो पुस्तकाची वकिली करायला आलेला असतो.

गृहस्थाची तक्रार मात्र वेगळीच होती आणि ती त्याला नीट शब्दांत सांगता येत नव्हती. काय गाळलं, काय बदललं याचं त्याला फार वाटत नव्हतं. त्याला खुपत होता तो पडद्यावर आलेला गोष्टीचा नायक, मुकुंद जोशी. अंशुमन जोशी नावाचा तो मुलगा काम उत्तम करत होता. बुजरा, डोळ्यांनी बोलणारा, वर्गातल्या कुठल्याही बाकावर खपून जाईल असा. पण मुकुंद जोशीला असा चेहरा असेल, हेच त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आणि विचार करता करता त्याला कळलं, की हा चेहरा चुकीचा होता असंही नाही. मुळात तिथे चेहराच नव्हता.

‘शाळा’ जोशीच्या तोंडून येते. सुऱ्या कसा दिसतो, बाई कशा चालतात, मोठ्या बहिणीला ‘अंबाबाई’ का म्हणायचं, हे सगळं तो सांगतो. स्वतः कसा दिसतो हे सांगायची त्याला गरज पडत नाही. ती कुणालाच पडत नाही. आपलं नाक आपल्याला दिसत नाही, तसा कादंबरीतला ‘मी’ वाचणाऱ्याला दिसत नाही. वाचणारा त्याच्या कवटीत शिरून बसलेला असतो. तीनशेच्या आसपास पानं हा गृहस्थ जोशीच्या डोळ्यांनी, जोशीला आवडणाऱ्या शिरोडकर या मुलीकडे बघत आला होता. आणि आता कुणीतरी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं होतं आणि जोशीच्या समोर नेऊन उभं केलं होतं. घरातून काढल्यासारखं वाटलं त्याला. ज्याला काढलं त्याला घर कितीही छान रंगवलं तरी काय?

कादंबरी अवघड आहे ती इथेच, आणि गंमत म्हणजे ती अवघड आहे हे वाचताना कळतही नाही. तिच्यात एका वर्षाचं शाळेचं रुटीन आहे, तास, परीक्षा, मारामाऱ्या, ‘लाईन’. त्याच वर्षी देशात आणीबाणी आहे. ती लागली 25 जून 1975 च्या रात्री. म्हणजे त्या साली नवी वह्या-पुस्तकं आणि आणीबाणी एकाच महिन्यात आली. जोशीला तिच्यातलं काही कळतं, काही कळत नाही. नरूमामाच्या आणि मोठ्या माणसांच्या बोलण्यातून ती त्याच्यापर्यंत झिरपते, आणि शाळेतली शिस्त कुठे संपते आणि बाहेरची कुठे सुरू होते, हे तो न बोलता दाखवून जातो. सांगणारा चौदा वर्षांचा, त्याच्या आडून बघणारा लेखक कितीतरी मोठा, आणि दोघांचे आवाज एकाच वाक्यात. कॅमेऱ्याने हे कसं दाखवायचं? पोराच्या चेहऱ्यावर न कळल्याचे भाव आणले की ते नुसतंच न कळणं होतं. त्याच्यामागचं कळणं कुठून आणणार?

दिग्दर्शक सुजय डहाकेने ते आणण्याचा खटाटोप फारसा केला नाही, आणि शहाणपण केलं असंच म्हणावं लागेल. त्याने बघणं उचललं. या सिनेमात पोरं बोलतात त्यापेक्षा जास्त बघतात. परदेशी छायालेखक दिएगो रोमेरोचा कॅमेरा नजरेच्या मागे संथपणे जात राहतो. नंदू माधवचे वडील आहेत, जितेंद्र जोशीचा नरूमामा आहे, दिलीप प्रभावळकरांचे अप्पा आहेत. पण सिनेमाचा जीव आहे तो कुणीतरी कुणाकडे तरी बघतंय आणि तिकडून बघणं परत येतंय की नाही, या प्रश्नात. अविनाश देशपांडे निगडी यांच्या पटकथेला पुढे रूपांतरित पटकथेचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि सिनेमालाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं. रूपांतराचं बक्षीस बऱ्याचदा जे लिहिलं त्यापेक्षा जे सोडण्याचं धाडस केलं त्यालाच असतं.

तरी मध्यंतरात, महागड्या पॉपकॉर्नच्या रांगेत, तो गृहस्थ गप्प होता. त्याला राहून राहून तेहतीस वर्षांपूर्वीचा दुसराच सिनेमा आठवत होता.

1979 साली जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ आला तेव्हा तो कॉलेजात होता आणि त्याने अरुण साधूंची एकही कादंबरी वाचलेली नव्हती. मित्राने ओढून नेलं म्हणून गेला. काळा-पांढरा पडदा, मुख्यमंत्र्यांना आलेला एक निनावी फोन, आपल्याच मंत्रिमंडळातलं कुणीतरी आपल्याला खाली खेचू बघतंय ही बातमी, आणि तिथून सुटलेला धागा. दोन कादंबऱ्या, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’, विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत विणल्या होत्या. मंत्री, कामगार पुढारी, स्मगलर, पत्रकार, कामासाठी जोडे झिजवणारा साधा माणूस असा सगळा मुंबईचा ढीग. तमाशापटांचा राजबिंडा नायक अरुण सरनाईक इथे मुख्यमंत्री जिवाजीराव झाला होता. डॉ. श्रीराम लागूंचे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे घशात काहीतरी अडकल्यासारखे घुसमटत होते. आणि ज्याला पडद्यावर बघून गावोगावच्या बायकांनी बोटं मोडली, तो खलनायक निळू फुले इथे खांद्याला पिशवी अडकवलेला, सगळं माहीत असलेला आणि काहीही करू न शकणारा बातमीदार दिगू टिपणीस होता. हे असं पात्र निळूभाऊंना द्यावं हे ज्याला सुचलं त्याला सिनेमा कळत होता. तेव्हा राज्याचे खरे मुख्यमंत्री होते शरद पवार, आणि त्यांच्या परवानगीने चित्रीकरण खऱ्याखुऱ्या मंत्रालयात झालं, ही गोष्ट तेव्हाही लोक एकमेकांना सांगत. सत्तेने आपलंच चित्र काढायला आपलीच खोली द्यावी, असे दिवस होते ते. शेवटचं दिगूचं वेड्यासारखं हसणं ऐकून तो आणि त्याचा मित्र बाहेर आले, ते स्टेशनपर्यंत एक शब्द न बोलता.

कादंबऱ्या त्याने नंतर वाचल्या, कॉलेजच्या ग्रंथालयातून. आणि तिथे उलटीच पंचाईत झाली. पडद्यावर शेजारी शेजारी उभी असलेली माणसं पुस्तकात वेगवेगळ्या पुठ्ठ्यांच्या आड राहत होती. एकात एकाला शोधावं तर तो दुसऱ्यात सापडायचा. साधू स्वतः इंग्रजी वृत्तपत्रांत मुरलेले पत्रकार. त्यांच्या पानांवर मुंबई एकाच वेळी दहा ठिकाणी चालू असते, आणि वाचणाऱ्याने आपलं आपण जोडून घ्यायचं असतं. तेंडुलकरांनी ती जोडणी आधीच करून ठेवली होती. पण त्याला त्याचं काही वाईट वाटलं नाही. दिगू टिपणीस पानावर आला की निळू फुल्यांचा तो किंचित घोगरा, शब्द ओठांतल्या ओठांत धरून सोडणारा आवाज कानात सुरू व्हायचा, आणि पान पुढे सरकायचं. वाईट वाटलं नाही, कारण त्याच्याकडून कुणी काही काढून घेतलंच नव्हतं. साधूंचा दिगू, तेंडुलकरांच्या आधीचा दिगू, त्याच्या डोक्यात कधी जन्मलाच नव्हता.

ज्यांनी आधी कादंबरी वाचली होती त्यांचं काय झालं असेल, हा विचार त्याला त्या दिवशी पॉपकॉर्नच्या रांगेत पहिल्यांदा आला. तेव्हाही कुठल्यातरी थिएटरात मागच्या रांगेत कुणीतरी बसला असणारच, ‘पुस्तकात असं नाहीये’ म्हणत.

असा माणूस कधी कधी खुद्द लेखकच असतो. ‘द गाइड’ ही आर. के. नारायण यांची कादंबरी 1958 ची. तिला साहित्य अकादमी मिळालं. तिची रचना वरून साधी आणि आतून चकवणारी आहे: राजूची आजची गोष्ट लेखक ‘तो’ म्हणून सांगतो, आणि मधूनच राजू स्वतः ‘मी’ म्हणून मागची गोष्ट सांगू लागतो. तुरुंगातून सुटलेला लबाड गाइड आणि लोकांनी साधू करून टाकलेला तोच माणूस. वाचणारा एकदा आत असतो, एकदा बाहेर. विजय आनंदने 1965 साली हिंदी सिनेमा केला तेव्हा ही ये-जा बरीचशी सरळ झाली. आणि मालगुडी? नारायणांनी वर्षानुवर्षं एकेक गल्ली बांधून उभं केलेलं ते दक्षिणेतलं गाव उचलून राजस्थानात नेलं गेलं. वाड्यांच्या कमानी आणि तळी पडद्यावर दिसतात सुंदर, त्यात वाद नाही. नारायणांनी पुढे या सगळ्या अनुभवावर एक खुसखुशीत आणि दुखरा लेख लिहिला, त्याचं शीर्षकच ‘वाट चुकलेला गाइड’ अशा अर्थाचं. कादंबरीच्या शेवटी उपासाने खंगलेला राजू डोंगरात पाऊस पडतोय असं म्हणतो आणि कोसळतो. पाऊस खरंच आला का, हे नारायण सांगत नाहीत. सिनेमात पाऊस धो धो येतो. पडद्याला न आलेला पाऊस दाखवता येत नाही, हेही खरंच. आणि तरी ‘गाइड’ हा हिंदीतल्या मोठ्या सिनेमांपैकी एक आहे, आणि लेखकाची तक्रारही शंभर टक्के खरी आहे. दोघांनाही एकाच वेळी बरोबर मानायला काय हरकत आहे, कळत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांनी तर तक्रारीला जागाच ठेवली नाही. 1995 साली अमोल पालेकरांनी ‘बनगरवाडी’ केली तेव्हा पटकथा माडगूळकरांचीच होती. तीही ‘मी’ची कादंबरी. मेंढपाळांच्या वाडीत शाळामास्तर म्हणून पहाटेच्या अंधारात चालत निघालेला कोवळा पोरगा हा तिचा ‘मी’. ती चाळीस वर्षांपूर्वी 1955 साली पुस्तक म्हणून आली होती. चाळीस वर्षं मराठी वाचक त्या पोराच्या आत बसून वाडी बघत होते. पडद्यावर तो चंद्रकांत कुलकर्णी झाला. पण तिथे फार बिघडलं नाही, आणि त्याचं कारण मास्तर नसून वाडी आहे. ‘बनगरवाडी’त मास्तर काही खळबळून सांगत नाही, तो बघतो आणि बाजूला होतो. कारभारी, अंजी, आयबू, आनंदा रामोशी हीच ती कादंबरी. जुन्या जमान्यातले देखणे नायक आणि चित्रकार चंद्रकांत मांढरे म्हातारपणी कारभारी होऊन उभे राहिले, आणि दुष्काळात वाडी रिकामी झाली, मेंढरांसकट. जोशीचं तसं नाही. जोशीच्या आतलं बोलणं हेच त्या पुस्तकाचं गाव आहे. ते गाव राजस्थानात काय, कुठेच नेता येत नाही.

मध्यंतरानंतर गृहस्थ जरा सैलावला. मागच्या आवाजानेही बहुधा हात टेकले असावेत, किंवा तो समोसा खात असावा. सुऱ्याच्या भूमिकेतला केतन पवार असा काही बिनधास्त होता, की गृहस्थाने डोक्यातला आपला सुऱ्या विनातक्रार सोडून दिला. खरं तर सुऱ्या वाचतानाच दिसायचा, तो ‘मी’ नव्हता ना. त्याला एक चेहरा होता, त्या जागी दुसरा बसला, भाडेकरू बदलला इतकंच.

शिरोडकरच्या बाबतीत मात्र आधीच भानगड झाली होती.

केतकी माटेगावकर पडद्यावर आली तेव्हा सभागृहात एक हलकी हालचाल झाली. चाळिशी-पन्नाशीच्या दीडशे-दोनशे पुरुषांनी एकाच वेळी खुर्चीत जागा बदलावी तशी. शांत, किंचित रोखून बघणारी, हसायचं की नाही हे आधी ठरवून मग हसणारी मुलगी. एकही गोष्ट चुकीची नव्हती. आणि त्याच क्षणी या गृहस्थाला आपल्या मनातली शिरोडकर आठवेना. गेली आठ वर्षं ती इतकी स्पष्ट होती की तिचं वर्णन करायची वेळच आली नव्हती. आता आठवायला गेलं की पडद्यावरचीच समोर यायची. त्याने डोळे मिटून बघितलं. एक लाल रिबीन दिसली, दोन वेण्यांतल्या एका वेणीची, सुटलेली. बस.

सिनेमा संपला. जोशीचं वर्ष संपलं, शिरोडकर गावातून गेली, दहावी पुढे उभी राहिली. दिवे लागल्यावर बरीच माणसं नावांची पाटी संपेपर्यंत उठली नाहीत. मराठी प्रेक्षकांच्या दृष्टीने हा लहानसा चमत्कार होता. या कादंबरीवरचं ‘गमभन’ हे नाटक आधीच येऊन गेलं होतं, तेही यातल्या अनेकांनी पाहिलं असणार. नाटकाला मात्र चेहऱ्याची चोरी जमत नाही. पुढचा नट आला की चेहरा बदलतो, आणि वाचकाची मालमत्ता त्याला परत मिळते. सिनेमा जे नेतो ते परत करत नाही.

पार्किंगमधून गाडी बाहेर निघेपर्यंत बायको काही बोलली नाही. ती सांगलीची, मुलींच्या शाळेत शिकलेली, ‘लाईन’ हा शब्द तिला लग्नानंतर कळला असं तिचं म्हणणं. पुस्तक तिने वाचलेलं नव्हतं, नवरा इतकं सांगतो म्हणूनच वाचलेलं नव्हतं. सिग्नलला ती म्हणाली, “छान होता. तुम्हाला नाही आवडला.”

“आवडला की.”

“मग तोंड असं का केलंय?”

त्याने जोशीच्या चेहऱ्याचं सांगितलं. ‘मी’ला चेहरा नसतो वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “आणि तुमची शिरोडकर कशी होती?”

“माझी कुठली शिरोडकर?”

“पुस्तकातली म्हणतेय मी. वाचताना दिसत असेल ना कुणीतरी.”

सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न वाजवत होते, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

खरं काय ते त्याला त्या रात्री जेवताना कळलं. ती लाल रिबीन पुस्तकातली नव्हती. ती नववी ‘ब’ मधली होती. वर्ष तेच, बाहेर आणीबाणी तीच, फळ्यावरचे सुविचारही बहुधा तेच. त्या मुलीच्या वडिलांची बदली झाली आणि सहामाहीनंतर ती शाळेत दिसली नाही. दोघांत एकदाही बोलणं झालं नव्हतं. तिला तो विसरलाही होता, असं त्याला वाटत होतं. 2004 साली बोकीलांनी नाव दिलं, गोष्ट दिली, आणि चेहरा द्यायची वेळ आली तेव्हा त्याच्या डोक्याने आपल्याच माळ्यावरून तो काढून आणला होता, त्याला न विचारता. त्या दीडशे-दोनशे पुरुषांपैकी किती जणांनी असाच माळा धुंडाळला असेल देव जाणे. केतकी माटेगावकरने त्या सगळ्या मुलींना एका संध्याकाळी हाताला धरून वर्गाबाहेर नेलं होतं, आणि ती स्वतः बाकावर येऊन बसली होती. तिचा त्यात काही दोष नाही.

जेवण झाल्यावर त्याने कपाटातून ‘शाळा’ काढली. मधलंच पान उघडलं. सुऱ्या आला तो केतन पवार होऊनच आला. नरूमामाने जितेंद्र जोशीचा आवाज लावला. शिरोडकर आली, तिने वर बघितलं, आणि अर्थातच ती केतकी होती. पण ओळीमागून ओळ सांगणारा जो होता, त्याला पानभर वाचूनही चेहरा आला नाही. चेहऱ्याची जागा पहिल्यासारखी रिकामी होती, आणि तिथे बसायला जागाही होती. त्याने आणखी चार पानं वाचली, मग डोळ्यांवर झोप आली म्हणून पुस्तक उशाशी ठेवलं.

रात्री केव्हातरी जाग आली तेव्हा बायकोच्या बाजूचा दिवा चालू होता. उशीला पाठ टेकून ती ‘शाळा’ वाचत होती. ‘देणे नाही’चं पान उलटून ती बरीच पुढे गेलेली दिसत होती.

“झोप ना, दोन वाजले.”

“झोपते. एवढं प्रकरण होऊ दे.” तिने पान उलटलं. थोडा वेळ गेला. मग पुस्तकातून डोळे न काढता ती म्हणाली, “अहो, तुमच्या वर्गात शिरोडकर नावाची कुणी होती का?”

“नाही गं.”

“मग काय होतं तिचं आडनाव?”

त्याने कूस बदलली आणि पांघरूण कानावर घेतलं.